भैरवनाथापुढं ठेवलेला कागद

आमच्या घरातल्या माणसांनी सरकारी कागद पाहिला तो कायम मागच्या बाजूनं. टेबलापलीकडं साहेब बसलेले, हातात कागद उभा धरलेला, अक्षरं त्यांच्याकडं आणि कोरी बाजू आमच्याकडं. साहेब वाचून दाखवायचे, मधल्या चार ओळी गाळायचे, "बाकी नेहमीचंच आहे" म्हणायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, मान हलवून बाहेर यायचे. दारात आई थांबलेली असायची. "काय म्हणला कागुद?" ती विचारायची. आप्पा म्हणायचे, "कागुद कुठं बोलतोय? साहेब बोलला."

आमचं घर मेंढरं राखणारं. परंडा तालुक्यात, सोनारीपासून फार लांब नाही असं आमचं गाव. या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी ठणकावून सांगते, कुणाला फुशारकी वाटली तर वाटू दे. धाराशिवला कॉलेज केलं, तेव्हा एस्टीच्या पाटीवर आणि आमच्या तोंडात उस्मानाबादच होतं. राज्यशास्त्र घेतलं, कारण त्या विषयाला जागा शिल्लक होत्या. पुढं तोच विषय अंगात भिनला. आता परंड्याला एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर तोच शिकवते.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी विधिमंडळाचं कामकाज शिकवलं. दुपारचा तास, पंखा बंद, निम्मा वर्ग पेंगलेला. सर सांगत होते, की मंत्र्यानं सभागृहात बोलताना एखाद्या सरकारी कागदातला मजकूर वाचून दाखवला, तर तो कागद त्याला सभागृहापुढं ठेवावा लागतो. पटलावर, म्हणजे सभागृहातल्या टेबलावर, ठेवणं म्हणतात त्याला. एकदा ठेवला की तो कागद एकट्या मंत्र्याचा राहत नाही. कुणीही सदस्य तो बघू शकतो, त्यावर विचारू शकतो. पळवाटाही सांगितल्या. कागद उघड करणं लोकहिताचं नाही असं मंत्र्यानं म्हटलं तर सूट. कागदातलं जसंच्या तसं न वाचता मंत्र्यानं आपल्या शब्दांत नुसता सारांश सांगितला, तरी सूट.

मी हात वर केला. "सर, हा नियम तहसीलदारांना लागू आहे का?"

अख्खा वर्ग हसला. झोपलेलेसुद्धा जागे होऊन हसले.

"नाही," सर म्हणाले, पण हसले नाहीत. "हा सभागृहापुरता."

"तिथंच का, सर?"

"कारण तिथं मागणारे बसलेले असतात."

परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो तास गेला नाही. आता मोबाइलवर अधिवेशन दिसतं. परंड्याहून गावी येताना एस्टीत मी ते लावून बसते. शेजारच्या बाया विचारतात, "कुठली सिरियल गं?" मंत्री एखाद्या अहवालातून वाचायला लागले, की माझे कान टवकारतात, आता कुणी उठून कागद मागतंय का म्हणून. कुणी मागितला, की मला बरं वाटतं. मग तो आमच्या तालुक्याचा असो नाहीतर नसो.

गावच्या ग्रामसभेत मी उठून तेच करीन असं काही मी ठरवलेलं नव्हतं.

गावाला गायरान आहे. म्हणजे गुरामेंढरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. ओढ्यापासून वर माळापर्यंत पसरलेली. आप्पांची मेंढरं वर्षातले बहुतेक महिने तिथंच असतात. गावात आता मेंढरं राखणारी घरं थोडीच उरलीत, त्यामुळं गायरान म्हटलं की लोकांना ती जमीन रिकामीच वाटते. त्या जमिनीवर सौर प्रकल्प येणार अशी बातमी गावात फिरायला लागली, तेव्हा शेतकऱ्यांना आनंद झाला, आणि तोही खोटा नव्हता. दिवसा लाईट मिळाली तर रात्री अंधारात विंचवाकाट्यात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायला नको. आमच्या घरात मात्र भाकरी उरायला लागली. आप्पा एकदाच बोलले. "गायरान गेलं तर मेंढरं इकावी लागतील. अन् मेंढरं गेल्यावर म्या दिवसभर काय करू, भिंतीसंगं बोलू?"

ग्रामसभा भैरवनाथाच्या मंडपात भरली. ग्रामपंचायतीची खोली लहान, म्हणून आमच्याकडं सभा तिथंच भरते. सतरंज्या अंथरलेल्या, बाया खांबाच्या डाव्या अंगाला, पुरुष उजव्या अंगाला. सरपंच भावकीतली माझी वहिनी. एरवी सभेत तिचा नवराच बोलायचा, वहिनी पदर सावरून सही करायची. त्या दिवशी मात्र ती स्वतः उभी राहिली. ग्रामसेवकांनी, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणतं, तिच्या हातात एक पत्र दिलं. वहिनीनं खणखणीत आवाजात वाचलं, "सदर गायरान क्षेत्र पडीक असून सद्यःस्थितीत चराईसाठी वापरात नाही. सबब ते सौर प्रकल्पासाठी उपलब्ध करून देण्याबाबत ग्रामसभेने ठराव करावा."

खांबाला टेकून बसलेले आप्पा हळूच म्हणाले, "मग म्या रोज कुठं जातोय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, तुमी मॉर्निंग वाकला जाताव!"

मंडप हसला. आप्पाही हसले. ते हसले तेच मला सोसलं नाही. वहिनी म्हणाली, "मग मंजूर म्हणायचं का?" काही हात वर निघालेसुद्धा. मी उठले.

"वहिनी, वाचलात तो कागद सगळ्यांपुढं ठेवा."

वहिनीचा चेहरा उतरला. "म्हंजे? म्या खोटं वाचलं म्हणतीस?"

"न्हाई वहिनी. अक्षर न् अक्षर खरं वाचलंत. म्हणूनच ठेवा म्हणते. विधानसभेत मंत्र्यानं कागद वाचला, तर त्यालाही तो ठेवावा लागतो. खोटं बोलला म्हणून न्हाई. वाचला म्हणजे तो सगळ्यांचा झाला म्हणून."

भाऊसाहेब हसून म्हणाले, "मॅडम, ही विधानसभा नाही."

"माहितीये. म्हणून नियम सांगत न्हाई, विनंती करतेय."

भाऊसाहेब स्वतः स्पर्धा परीक्षा देऊन आलेले. डोळे मिचकावत ते म्हणाले, "बरं मग, मी माझ्या शब्दांत सारांश सांगतो. सारांशाला सूट आहे ना?"

मला हसू आवरेना. आमच्या गावात तो नियम पळवाटेसकट माहीत असलेला दुसरा माणूस निघाला, आणि तो नेमका पलीकडच्या बाजूला. "भाऊसाहेब, सारांश सांगायचा होता तर आधी सांगायचा. आता शब्दाला शब्द वाचून झालंय."

यावर जुने पोलीस पाटील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, काठी आपटून बोलले. गावात त्यांचा शब्द चालतो. "ठिवा की मग! त्यात झाकायचं काय हाय?"

"ठेवायचा कुठं आबा?" भाऊसाहेब म्हणाले. "इथं टेबल कुठंय?"

आबांनी मंडपात नजर फिरवली. खरंच टेबल नव्हतं. मग त्यांनी काठी गाभाऱ्याकडं केली. "भैरवनाथाफुडं ठिवा. त्याच्या नजरंखाली ऱ्हाईल. आन् लोकान्ला आठ दिस बगू द्या. फुडच्या सभेत ठरवू."

सगळ्यांना ते पटलं. वहिनीनं स्वतः जाऊन उंबऱ्याशी कागद ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून गुरवमामांनी वर खोबऱ्याची वाटी ठेवली. मी घरी आले ती अगदी रुबाबात. आईला म्हणाले, "बघितलंस? पटलावर ठेवायला लावला."

दोन-तीन दिवसांनी देवळात गेले, तर कागदाला हळदकुंकू लागलेलं. वर झेंडूचं फूल. सकाळच्या आरतीचा गुलाल सांडलेला, खोबऱ्याच्या तेलानं कोपरा पारदर्शक झालेला. दोन बाया वाकून उंबऱ्याला हात लावत होत्या, आणि उंबऱ्याबरोबर कागदालाही. वाचलेला मात्र कुणीच नव्हता.

घरी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "म्याबी सकाळी पाया पडून आले."

"अगं, तो वाचायला ठेवलाय."

"देवाफुडचा कागुद वाचत्यात व्हय? येडी का खुळी!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं भावाभावांत भांडण लागलं, की कोठाराची किल्ली भैरवनाथापुढं नेऊन ठेवतात. मग तिला कुणी हात लावत नाही आणि त्या भांडणावर कुणी बोलतही नाही. देवावर सोडलं म्हणजे विषय मिटला. गावानं माझ्या कागदाचं तेच केलं होतं. विधानसभेत पुढं ठेवलेला कागद खुला होतो, आमच्या गावात तो बंद झाला होता. आणि याला मीच कारण. वहिनी आडावर भेटली, तर किती मोकळी दिसत होती. "बरं केलंस बाई," ती म्हणाली, "माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं. आता त्योच बगून घील." संध्याकाळी आप्पाही तसंच म्हणाले, "देवावर सोडलंय, आता कशाला चिंता." पण त्या दिवशी त्यांनी मेंढरांना हाक मारली नाही, नुसते मागून चालत राहिले. मी ते बघितलं.

सभा जवळ येत होती. कुणीच काही वाचलं नाही, तर पुन्हा कुणीतरी "मंजूर म्हणायचं का?" विचारणार आणि हात वर होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळच्या आरतीनंतर मी गुरवमामांना पायरीवर गाठलं. मामा वात कातरत बसले होते.

"मामा, तो कागद जरा द्या मला."

"देवाला वाहिल्यालं परत घेत न्हाईत पोरी. तुझ्या कॉलेजात शिकवलं न्हाई व्हय?"

"मग खोबरं कसं घेता?"

"ते येगळं. त्यो परसाद."

"प्रसादाचं काय करायचं असतं?"

"वाटायचा."

"एकट्यानं घरी न्यायचा का?"

"छ्या! एकट्यानं नेला तर त्यो परसाद कशाचा?"

मी उंबऱ्यावरच्या कागदाकडं बोट केलं. मामांनी माझ्याकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं. कात्री खाली ठेवली. "लई वांड हायस," ते म्हणाले. "तुझा बाप मेंढरावानी गरीब, अन् तू ही असली. उद्या सकाळी ये."

सकाळी त्यांनीच खोबऱ्याची वाटी बाजूला केली, कागद झटकला आणि कपाळाला लावून माझ्या हातात दिला. परंड्याला झेरॉक्सवाला म्हणाला, "मॅडम, ह्याच्यावर भाजी सांडलीय का?" गुलालाचे डाग झेरॉक्सवर काळे ढग होऊन उमटले, पण मजकूर वाचता येत होता. एस्टीत मी तो पहिल्यांदा सगळा वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा वाचला. मग घडी घालून पिशवीत ठेवला. ठरवलं, हे मी सांगायचं नाही. मी सांगितलं तर ते माझं होईल, आणि आमच्या घराच्या मेंढरांची वकिली होईल. ज्यांना ठराव करायचाय, त्यांनीच ते वाचायला पाहिजे.

रविवार भैरवनाथाचा. संध्याकाळच्या आरतीला गर्दी असते. मामा ताट घेऊन उभे राहिले. एका बाजूला खोबऱ्याचे तुकडे, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स.

"मामा, निस्तं खोबरं द्या की."

"न्हाई. दोन्ही घ्यायचं. निस्तं खोबरं घेणाऱ्याला देव इचारंल."

लोक हसत हसत कागद घेऊ लागले. कुणी टोपीत खोचला, कुणी नातीच्या हातात दिला. आबांनी चष्मा काढला, पुसला, आणि पायरीवर बसले. वहिनी आली तेव्हा मी तिच्या हातात कागद दिला.

"वहिनी, तुम्ही वाचा. तुमचा आवाज लांबपर्यंत जातो."

"त्या दिशी वाचलं की! पुन्यांदा तपासायलीस व्हय मला?"

"त्या दिवशी वरचा परिच्छेद वाचलात. खाली अजून एक आहे."

तिनं कागद उलटसुलट बघितला. खरंच खाली अजून एक परिच्छेद होता. भाऊसाहेबांनी पेनानं खूण केली होती ती फक्त वरच्याला. वहिनी वाचायला लागली, आधी दबकत, मग सवयीच्या आवाजात. "स्थळपाहणी अहवालाबाबत ग्रामस्थांची हरकत असल्यास ती ग्रामसभेत नोंदवून घ्यावी. चराईसाठी वापरात असलेले क्षेत्र आढळल्यास ते वगळून उर्वरित क्षेत्राचा ठराव पाठवावा."

आबा म्हणाले, "पुन्यांदा वाच गं."

तिनं पुन्हा वाचलं. या वेळी मंडपात खोबरं चावल्याचाही आवाज नव्हता.

"म्हंजे," मॉर्निंग वाक म्हणणारा तोच आवाज मागून आला, "ते आपल्याला इचारायलेत व्हय? आमी समजलो, सांगायलेत."

मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळं त्या एका वाक्यात आलं. कुणी डाव रचला नव्हता. पुढच्या सभेत भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "असल्या पत्रात खालचा परिच्छेद दरवेळी सारखाच असतो. म्हणून मी त्याच्याकडं बघतच नाही. चुकलं." मोठ्या हुद्द्यावरच्या किती जणांना असं बोलता येईल, मला शंका आहे. वहिनीही काही लपवत नव्हती. तिला जेवढं दाखवलं, तेवढं तिनं वाचलं. मी तिला तसं म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "आता हितनं फुडं खूण केल्यालं आधी वाचणारच न्हाई. बिनखुणंचं आधी."

त्या सभेत हरकत नोंदवायची म्हणून मी आप्पांना उठवलं. ग्रामसभेत आप्पा कधी बोलले नव्हते. दोन्ही हात काठीवर ठेवून उभे राहिले. कुणी हसलं नाही.

"वड्याच्या अंगाला चराऊ हाय," ते म्हणाले. "तिथं माझीबी मेंढरं असत्यात, तुमच्या शेळ्याबी असत्यात. ते ऱ्हाऊ द्या. वरचा माळ घ्या की. तिथं दगडाबिगर काय उगवत न्हाई. ऊन मात्र लई पडतंय."

यावर सगळे हसले. आप्पाही हसले. या वेळचं हसणं मला आवडलं. एका शेतकऱ्यानं विचारलं, "वरच्या माळावर तेवढी जागा बसंल का?" भाऊसाहेब म्हणाले, "मोजणीवाले सांगतील, पण ठरावात लिहू." वहिनीनं ठरावाचा मजकूर तिथंच बसून सांगितला आणि भाऊसाहेबांनी लिहिला. लिहून झाल्यावर तिनं तो वरून खालपर्यंत मोठ्यानं वाचला, सहीच्या जागेपर्यंत. "सरपंच, ग्रामपंचायत" हेसुद्धा वाचलं. तिचा नवरा मागं बसून विड्याला चुना लावत होता.

तालुक्याहून उत्तर यायला वेळ लागला. आलं, त्यानंतरच्या ग्रामसभेला शाळेतलं एक टेबल मंडपात आणून ठेवलेलं होतं. कुणी आणलं ते मला माहीत नाही. वहिनी उभी राहिली. पत्र आधी टेबलावर ठेवलं, मग म्हणाली, "ह्ये पत्र येऊन लई दिस झाले. माझ्या म्हायेरी लगीन होतं, म्या तिकडं गेलते. म्हणून तुमच्याफुडं आणायला येळ झाला."

मी बघतच राहिले. विधिमंडळात एखादा अहवाल उशिरा ठेवला, तर उशीर का झाला याचं निवेदनही सोबत ठेवायचं असतं. हे मी वहिनीला कधी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिलाच सुचलं. लोकांपुढं कागद ठेवायची सवय लागली, की बाकीच्या गोष्टी आपोआप मागून येत असाव्यात.

पत्रात ठराव मान्य होता. ओढ्याच्या अंगाचं क्षेत्र चराईला राखून, वरचा माळ प्रकल्पाला. मोजणी झाली, दगड रोवले. प्रकल्प अजून उभा राहायचाय, दिवसाची लाईटही अजून यायचीय, त्यामुळं सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. पण गावात आता कुणी कागद हातात धरून वाचायला लागलं, की पुढं बसलेली माणसं मान उंच करून विचारतात, "खाली काय लिवलंय?" परवा रेशनच्या दुकानात एक आजी विचारत होत्या. त्यांना वाचता येत नाही. दुकानदारानं गपगुमान कागद काउंटरवर ठेवला, आणि रांगेतल्या एका बाईनं वाचून दाखवला.

यंदा मेंढ्या व्याल्या, तेव्हा आप्पांनी कोकरं विकली नाहीत. दरवर्षी विकायचे, सरकारी गायरान कधी हातचं जाईल याचा भरवसा नव्हता म्हणून. आता वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, अपुरी पडते. सकाळी कोकरं तिच्याखालून निसटून आईच्या चुलीपाशी येतात आणि ती त्यांना शिव्या देत पुन्हा हाकलते. काल कॉलेजला निघताना तिनं दारातनं हाक मारली, "येताना परंड्याहून जाळी आण. मोठी आण. अजून दोन व्यायच्यात."